किलोमीटर नको, खाड्या मोजा : मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरी

नवी गाडी घेतली की मुंबईकर आधी सिद्धिविनायकाला जातो आणि मग कोकणात. पहिलं काम तासाभरात उरकतं. दुसऱ्यासाठी दर हिवाळ्यात मला दोन-चार फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो. "रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटर ना? मग सकाळी निघू, समुद्राच्या कडेकडेनं जाऊ, रात्री जेवायला पोचू."

हायवेनं गेलात तर पोचाल. किनाऱ्यानं जायचं तर पाच दिवस हाताशी ठेवा. त्याहून कमी दिवस असतील तर सरळ अलिबागला दोन रात्री राहून परत या, मजा येईल.

कारण साधं आहे. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात, आणि किनारा या खाड्यांनी जागोजागी कापलेला आहे. पलीकडचं गाव समोर दिसतं, देवळाचा कळससुद्धा दिसतो, पण तिथं जायचं तर एकतर बोट, नाहीतर आत कुठेतरी पूल असेल तिथपर्यंत वळसा. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग कागदावर कित्येक वर्षं आहे. प्रत्यक्षात तो कुठे छान दुपदरी आहे, कुठे समोरून एसटी आली की तुम्हाला कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागतं, आणि मोठ्या खाड्यांपाशी तो पाण्यात संपतो. पुलांची कामं निघाली आहेत. ते सगळे झाले की हा लेख रद्दीत टाका. तोवर हिशेब खाड्यांचा.

मुंबई ते रत्नागिरी गाडीसकट पाच वेळा पाण्यावरून जायचं आहे. भाऊचा धक्का ते मांडवा. आगरदांडा ते दिघी, ही राजपुरीची खाडी. बागमांडला ते वेशवी, ही सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी. दाभोळ ते धोपावे, ही वाशिष्ठी. तवसाळ ते जयगड, ही शास्त्री. पाच खाड्या, पाच दिवस, म्हणजे दिवसाला एक बोट. एका दिवसात दोन बोटी बसवायचा मोह होतोच, पण पहिल्या खेपेला तो टाळा. एका बोटीला उशीर झाला की पुढची चुकते आणि मग अंधारात घाट.

दिवस कुठले धरायचे

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. मार्चपासून घाम. मेमध्ये आंबे असतात, पण निम्मी मुंबईही तिथंच असते. पावसाळ्यात कोकण सगळ्यात देखणं असतं हे खरं, पण ती सहल हायवेची. किनाऱ्यावर तेव्हा जंजिऱ्याच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि जेटीवरची बोट वाऱ्याच्या मर्जीवर.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि जोडून आलेले शनिवार-रविवार सोडा. गणपतीत तर निघूच नका, तेव्हा रस्ता चाकरमान्यांचा. शिमग्याला मात्र जायला हरकत नाही. फक्त गावोगावी पालख्या निघालेल्या असतात, गाडी अर्धा तास थांबवावी लागते आणि पोरं आडवी येऊन पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागतात. तेव्हा दहा-वीसच्या नोटा सुट्या ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.

माझी पद्धत अशी: रविवारी सकाळी निघायचं, शुक्रवारी परत. रविवारी सगळी मुंबई अलिबागहून परत येत असते आणि आपण उलट्या दिशेनं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्यांचे भावही उतरलेले असतात आणि समुद्रावर कुत्र्यांखेरीज कुणी नसतं.

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच अडकतात. खाडीतलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं पाऊण-एक तास उशिरा. त्यासाठी मोबाईलमध्ये तक्ते मिळतात. पण किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब याहून सोपा आहे: तिथीला पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्या वेळेच्या साधारण सहा तास पुढेमागे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहल ठरवायला एवढं पुरतं.

आता यातलं खरं महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तसंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. उधाणाच्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी तळाला गेलेलं असतं. नेमकी तीच वेळ आपण 'शेवटची बोट पकडू' म्हणून धावत जेटीवर पोचायची.

आम्ही पोचलो होतो. जेटीचं नाव घेत नाही. पौर्णिमा, संध्याकाळी पाच चाळीस, मागं दोन पोरं आणि सासूबाई. बोट पंधरा हातांवर चिखलाला टेकून उभी. धक्क्याचा उतार एरवी निम्मा पाण्याखाली असतो, तो पुरा उघडा पडलेला, खालच्या भागावर हिरवं शेवाळ. बोटीवरचा पोऱ्या म्हणाला, "पानी लागू दे, मग घेतो." पाणी लागायला दीड तास लागला. टपरीवरचे वडे संपले, मग भजी संपली, मग बिस्किटं. पलीकडे गेलो तेव्हा मिट्ट काळोख होता आणि मुक्काम अजून तीस किलोमीटर होता. चूक बोटवाल्यांची नव्हती. कॅलेंडर आमच्याच स्वयंपाकघरात होतं, दुधाचा हिशेब मांडायला.

तेव्हा निघायचा रविवार निवडताना शक्यतो षष्ठी-सप्तमीच्या आसपासचा घ्या. निघायची तारीख बदलणं शक्य नसेल तर निदान जेटीवर पोचायची वेळ दुपारी बारापर्यंतची ठेवा. दुपारी जेवणाच्या वेळात काही जेट्यांवर फेऱ्या विरळ होतात. आदल्या रात्री जिथं राहाल तिथल्या घरमालकांना विचारा, "उद्या बोट चालू आहे ना?" त्यांना हे इंटरनेटपेक्षा जास्त ठाऊक असतं.

मुक्काम आणि जेवण

खोल्या आधी ठरवा, पण पैसे भरण्यापूर्वी गावाचं नाव तालुक्यासकट वाचा. मुरुड दोन आहेत: एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात. वेळासही दोन आहेत: एक दिवेआगरजवळ आणि एक मंडणगड तालुक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते मंडणगडचं. चुकीच्या मुरुडात खोली घेऊन 'आम्ही आलोय, तुम्ही कुठे आहात' असे फोन करणारी माणसं मी पाहिली आहेत.

मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती सोय बघा. पण घरगुती म्हणजे घरगुती. तिथं मेन्यूकार्ड नसतं, माणसं मोजून भात टाकतात. सकाळी दहाच्या आत फोन करून सांगायचं: "काकू, पाच माणसं, तीन मासे, दोन शाकाहारी, दीडपर्यंत येतो." मग ताटात सोलकढीसकट सगळं येतं. अडीचला दारात उभं राहून 'काय मिळेल?' विचारलंत तर जे मिळेल ते उरलेलं असेल, आणि काकूंचा चेहराही तसाच असेल. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. सोमवारी-गुरुवारी पुष्कळ घरांत मासे होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पैसे रोख घ्या. यूपीआय सगळीकडे आहे, रेंज मात्र सगळीकडे नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं गाडीत असली तर बरं, आणि घरूनच नकाशा उतरवून ठेवा.

नकाशावरून आठवलं. तो जवळची वाट दाखवतो, पण वाट आणि रस्ता यांत त्याला फरक कळत नाही. अंजर्ल्यात एकदा त्यानं आम्हाला 'दोनशे मीटरवर उजवीकडे' नेलं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, वाट इतकी अरुंद की आरसे मिटून घेतले. पुढे जांभ्या दगडाच्या पायऱ्या लागल्या. पडवीत सुपारी सोलत बसलेले आजोबा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ही पाखाडी आहे हो, रस्ता नव्हे. परवाही एक आले होते. आता मागंच घ्यावी लागेल." दीडशे मीटर रिव्हर्स घेतली, बायको मागं चालत 'ये, ये, थांब' करत. तेव्हापासून गावात शिरताना मी काच खाली करून माणसाला विचारतो.

गाडी

लहान गाडी चांगली. टायर, ब्रेक, वायपर बघून घ्या. स्टेपनीत हवा आहे का ते बघा, आणि जॅक लावायला येतो का तेही, घरी, उजेडात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की तालुक्याच्या गावी टाकी भरायची: अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर. पुढे मिळेल म्हणून सोडायचं नाही. सीएनजीच्या भरवशावर राहू नका, टाकीत पेट्रोल असू द्या.

या रस्त्यांवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरा. वळणावर हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, एसटीला त्याच्याही आधी. समोरून वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी एसटी, आली तर मागे तुम्हीच घ्यायचं, तो ड्रायव्हर त्या वळणावर तुमच्या वयाइतकी वर्षं फिरतोय. सूर्य मावळला की गाडी उभी. रस्त्यावर दिवे नसतात, गुरं असतात.

आणि काहीही झालं तरी वाळूवर गाडी उतरवू नका. ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते. चाक एक फूट आत गेलं की तुम्ही जितकं ॲक्सिलेटर द्याल तितकी ती खाली जाते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मग गावातला ट्रॅक्टर, दोर, शंभर बघे आणि इंजिनात खारं पाणी. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर हा खेळ होतो.

गाडीत बरोबर पाणी, ओआरएस, वळणांवर उलटीचा त्रास होणाऱ्यांसाठी गोळी, टॉर्च, जुना टॉवेल. बायकांच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. देवस्थानांजवळ आणि बऱ्या हॉटेलात सोय असते, तिथं गरज नसली तरी उतरून घ्यायचं. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता रस्त्याला लागू

पहिला दिवस. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, २०२० पासून आहे. गाडीचं आणि माणसांचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, सुटायच्या तासभर आधी पोचा. धक्क्याच्या रस्त्यावर सकाळी मासळीचे टेम्पो आणि बर्फाचं पाणी असतं, गाडी धुतलेली असली तर तिचं दुःख करू नका. तासाभरात मांडवा. बोट रद्द झाली तर शिवडीहून अटल सेतू, मग पेण-वडखळवरून अलिबाग, तोही दिवस वाया जात नाही. अलिबाग सोडून पुढे रेवदंडा. पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. मुंबईपासून अर्ध्या दिवसावर हे आहे आणि आपण काशीदला बनाना बोटीवर बसायला पळतो. मुक्काम मुरुड-जंजिरा.

दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत. शेजारी बसलेल्याला डोंगर. चार दिवस हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा किंवा आळीपाळीनं चालवा.

दुसरा दिवस. सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही, आणि समोर समुद्रात पद्मदुर्ग उभा आहे तो जंजिरा घ्यायच्या हट्टापायी. अकरापर्यंत परत येऊन आगरदांडा जेटी.

गाडी बोटीवर चढवणं नवख्याला घाबरवतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिकीट काढून रांगेत उभं राहायचं. बोट टेकली, पलीकडची वाहनं उतरली, की ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी खाली उतरून पायी चढायचं. काही वेळा गाडी उलटी घ्यायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. बोटीवरचा माणूस हातानं खूण करतो, त्याच्याकडेच बघा, आरशात नको. "घे, घे, घे, डावा मार, घे... बस!" आणि पत्र्यावर हाताची थाप. शेजारच्या गाडीत आणि तुमच्यात एक वीत उरलेली असते. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून, न थांबता, सावकाश. पत्र्याच्या उंबऱ्यावर थांबलात की चाकं घसरतात. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि उभा होतो, गाडी खाली वाकलेली असेल तर पुढचा बंपर घासतो. तेव्हा तिरकी घ्यायला ते सांगतील, ऐका.

दिघीहून दिवेआगर. इथल्या गणपतीचा सोन्याचा मुखवटा १९९७ मध्ये एका वाडीत जमिनीत सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, आणि पुन्हा घडवून २०२१ मध्ये बसवला. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतला रस्ता घेऊ नका, आरावी-कोंडिवली-शेखाडीचा घ्या. या सबंध सहलीत समुद्राला इतका चिकटून जाणारा दुसरा तुकडा नाही. इथं घाई केलीत तर पाच दिवस काढून आलात कशाला? श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव म्हणून ओळखतात, आम्ही रोठा सुपारीचं म्हणून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला वर्षं लागतात. नवी लावलेली रोपं कुंपणापलीकडे दिसतील.

मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणा खडकावरून, समुद्राच्या अगदी काठानं जाते. ती फक्त ओहोटीला. पाऊणपटीचा हिशेब इथं करा, आणि तरीही देवळात विचारल्याशिवाय उतरू नका. त्या खडकावरून लाटेनं माणसं ओढून नेली आहेत.

तिसरा दिवस, बागमांडला ते वेशवी. पंधरा-वीस मिनिटांत रायगड जिल्हा मागं पडून रत्नागिरी सुरू. ही बोट बंद असेल तर आंबेत-म्हाप्रळवरून मोठा वळसा. वेशवीहून केळशी नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते, पण मध्ये भारजा नदी आहे, तेव्हा आत जाऊन, तिला ओलांडून परत बाहेर. सकाळचे दोन तास यातच जातात. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ. पुढे आडे-पाडल्याचा किनारी रस्ता आणि अंजर्ले. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली माडांचं बन आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. दुपारनंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव असतो. बघा, पण मध्ये लुडबुड करू नका. तिथली बोली सेकंदात संपते आणि पायाखाली माल असतो. एखादी पाटी घ्यायची असेल तर मुक्कामाच्या काकूंना आधी विचारा, करून देणार का. मुक्काम मुरुड किंवा कर्दे, दोन्ही दापोलीतली.

चौथा दिवस. लाडघर, बुरोंडीवरून दाभोळ. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालते, आणि मला वाटतं सगळ्यांत कमी कटकटीची हीच. खाडीच्या मध्यावर गेलात की पश्चिमेला चिमण्या दिसतील. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रं भरून गेली होती तो 'दाभोळ' वीजप्रकल्प तोच, फक्त तो दाभोळात नसून समोरच्या काठावर अंजनवेल-वेलदुरात आहे. बोट नसती तर खेड-चिपळूणवरून फिरून गुहागर गाठावं लागलं असतं, आख्खी सकाळ त्यात.

गुहागर माझ्या वडिलांचा तालुका, त्यामुळे इथं माझा तोल सुटणार. व्याडेश्वराचं दर्शन घ्या, लांबलचक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत बसा, मग वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला दशभुज गणपती, आणि खाली समुद्रावर बामणघळ. खडकाला चिंचोळी भेग आहे, भरतीला लाट त्यात घुसते आणि तोफ उडाल्यासारखा आवाज करत पाणी वर फेकलं जातं. हरिहरेश्वरला ओहोटी लागते, इथं भरती. मे महिन्यात ओहोटीला जाऊन 'काही नाही हो तिथं' म्हणणाऱ्या आमच्या भावजींना मी अजून माफ केलेलं नाही. कडेला मात्र जाऊ नका, खडक निसरडा आहे. मुक्काम वेळणेश्वर.

पाचवा दिवस, शेवटची बोट, तवसाळ ते जयगड. इथला उतार छान आहे, दोन्ही काठांना डोंगर, शास्त्रीचं पाणी हिरवंगार. बोट नसेल तर आतून भातगावच्या पुलावरून जाता येतं. जयगडला बंदरामुळे अवजड ट्रक असतात, जपून. किल्ला आणि कऱ्हाटेश्वर बघून मालगुंड. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ चा, घराजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथं वीस मिनिटं बसा, सावली आहे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात कमरेपुढे जाऊ नका, तळ एकदम खोल होतो. मग आरे-वारेचा रस्ता. वरच्या वळणावर सगळेच थांबतात, तुम्हीही थांबाल. फक्त गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या. रत्नागिरीत संध्याकाळी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा या वाड्यात १९१० साली राहायला आला आणि १९१६ मध्ये इथंच गेला.

पुढे मालवणला जायचं का?

पहिल्या खेपेला नको. रत्नागिरीनंतर मोठ्या खाड्यांवर पूल आहेत, बोटीची भानगड नाही, त्यामुळे 'अजून थोडंच' असं वाटतं. पण पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य आणि तिथलं हत्तीचं कातळशिल्प, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी तेरेखोलची खाडी ही स्वतंत्र पाच दिवसांची सहल आहे. पाचव्या दिवशी माणसं थकलेली असतात, आणि थकलेल्या माणसाला कातळावर खोदलेला हत्ती दाखवलात तर तो 'बरं' म्हणतो. पुढच्या वर्षी रेल्वेनं रत्नागिरीला या आणि तिथून गाडी भाड्यानं घ्या.

परतीची वाट

रत्नागिरीहून हातखंब्याला हायवे लागतो. संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, मग कशेडीचा बोगदा. बोगद्यानं जुना घाट वाचवला. पोलादपूर, महाड ठीक. माणगाव-इंदापूरला शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर गाड्या तुंबतात, म्हणून रत्नागिरी सकाळी सहाला सोडा आणि माणगाव दुपारी एकच्या आत पार करा. ते जमत नसेल तर हातखंब्याहून उलटं वळून आंबा घाटानं कोल्हापूर गाठा आणि पुण्यावरून या. अंतर बरंच वाढतं.

घरी आलात की दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, चाकांच्या आतल्या बाजूंसकट. पाच खाड्यांचं खारं पाणी आणि बोटीच्या पत्र्यावरचा चिखल पत्र्याला महिन्याभरात गंज चढवतो. डिकीतल्या चटया उन्हात टाका. वाळू मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत निघत राहील.